लॉगिनची सावड

शिवांजलीने कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाली, "आज्जी, सातारला बोलावलंय. रोज."

"कुणाला?"

"सगळ्यास्नी. एक तारखेपासनं. आठवड्याचे पाच दिवस हापिसात हजर व्हायचं."

मी सोप्यातच, म्हणजे पुढच्या खोलीत, खुर्चीवर बसून घेवडा निवडत होते. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, "मग जा की! किती बरं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसा काही तो मेल मीच लिहून धाडला होता.

शिवांजली ही माझ्या नातवाची, शंभूराजची बायको. शंभूराज फौजेत आहे, सध्या राजस्थानात. आमचं घर पलूसमध्ये, तासगाव रस्त्याला. घरात आम्ही चौघं: मी, माझा मुलगा जोतिबा, शिवांजली आणि तिची सहा वर्षांची प्रियदर्शनी. जोतिबाची बायको जाऊन आठ वर्षं झाली. जोतिबा ऊस बघतो, शिवांजली कंपनीचं काम बघते आणि मी या सगळ्यांना बघते.

तिची कंपनी साताऱ्याची. काम मात्र ऑस्ट्रेलियाचं. तिकडचे डॉक्टर रोग्याला तपासतात आणि त्याचा अहवाल तोंडाने सांगतात. यंत्र तो ऐकून लिहून काढतं, आणि आमच्या या मुली मूळ आवाज ऐकून यंत्राच्या चुका दुरुस्त करतात. सकाळी सात ते तीन. पूर्वी ती लग्नाआधी साताऱ्यात राहून हेच काम करायची. लग्नानंतर ते सुटलं. लॉकडाउनमध्ये कंपनीने सगळ्यांना कॉम्प्युटर घरी नेऊ दिले तेव्हा तिने ते पुन्हा धरलं, त्याला आता पाच वर्षं झाली.

मला तिचं काम पहिल्या दिवसापासून आवडलं, कारण ते कानाचं काम आहे. मी स्वतः तेहेतीस वर्षं सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. एकोणीसशे एकोणसत्तर साली मला नोकरीचा कागद आला तेव्हा माझे वडील, लालासाहेब, तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनीच माझी ट्रंक एसटीच्या टपावर चढवली. सांगलीच्या गावभागात आणखी दोन मुलींबरोबर खोली घेतली होती. एक्स्चेंजचा जिना पहिल्यांदा चढले तेव्हाचं मला अजून आठवतं. या जिन्यावर मला कोणी 'लालासाहेबांची शालू' म्हणून ओळखत नाही, एवढ्या एका विचाराने मी दोन-दोन पायऱ्या चढले होते. समोर दिवे लुकलुकणारा बोर्ड, हातात पितळी टोकाच्या दोऱ्या, कानाला रबरी वाटी, आणि गळ्यात अडकवलेल्या भोंग्यात म्हणायचं, "नंबर प्लीज." बेळगावपासून पुण्यापर्यंतची माणसं माझ्या हातातून बोलायची. मला विचाराल तर ऑफिस म्हणजे बाईने घराबाहेर मिळवलेली जागा. म्हणून मी म्हणाले, जा की.

"तुमाला काय जातंय म्हणायला," शिवांजली म्हणाली. "सातारला खोली करू? पोरीला हितनं उचलू? का तिला हितं ठेवून जाऊ? आन् का म्हणून? काम हितं हुतंय की."

"मला जायचंय," पलीकडच्या टेबलावरून सबा म्हणाली.

सबा म्हणजे पेठेतल्या दस्तगीर तांबोळींची मुलगी. ती शिवांजलीच्याच कंपनीत आहे. तिचं घर बांगड्यांच्या दुकानावर, खाली दिवसभर गिऱ्हाईक, त्यामुळे कानाचं काम तिथे होत नाही. चार वर्षं झाली, ती रोज सकाळी पावणेसातला डबा घेऊन आमच्या सोप्यात येते. सत्तावीस वर्षांची आहे, लग्न व्हायचंय, आणि तोंडाची तिखट.

"काय म्हणालीस?" शिवांजलीने खुर्ची फिरवली.

"मला सातारला जायचंय म्हणाले. तुझं बरं हाय गं. तू घरात काम करतीस तवा तुझ्या घरची म्हणत्यात, शिवांजली कामावर हाय. आमच्यात म्हणत्यात, सबा घरातच हाय. अम्मीला आठवड्यातनं दोनदा मिरजेला न्यायचं, डायलिसिसला. कोण नेणार? आमीरभाई दुकानात, भाभीच्या मागं बारकं प्वार. मग सबा हाय की! मी सातारला असते तर कुणीतरी नेलंच असतं न्हवं?"

"मग तसं घरात सांग. कंपनीचं कशाला गोड मानून घेतीस?"

"घरात सांगून झालंय. कंपनीनं सांगितलं की ऐकत्यात."

दोघी एका खोलीत चार वर्षं पाठीला पाठ लावून बसलेल्या, आणि एकीला दुसरीच्या मनातलं माहीत नव्हतं. मी घेवड्याकडे बघत राहिले. खरं तर मी सबाच्या बाजूची होते.

त्यांचं इतकी वर्षं निभलं कसं, ते सांगायला हवं. आमच्याकडे शेतात सावड करतात. आज मी तुझ्या रानात भांगलायला, तण काढायला येते, उद्या तू माझ्या रानात ये. मजुरी नाही, मोजमाप नाही, फक्त फेड चुकवायची नाही. या दोघींनी तीच रीत कॉम्प्युटरवर आणली होती. मंगळवारी आणि शुक्रवारी सबा अम्मीला, म्हणजे मेहरुनबींना, घेऊन मिरजेला जायची, तेव्हा शिवांजली आपलं उरकून सबाच्या नावाने लॉगिन करायची आणि तिच्या फाइली काढायची. आमच्याकडे उसाची लागण असली, प्रियदर्शनीला ताप आला, शंभूराज सुट्टीवर आला, की सबा शिवांजलीच्या फाइली काढायची. एकीचा पासवर्ड दुसरीला तोंडपाठ. यात काही वावगं आहे, हे त्या दोघींच्याच काय, माझ्याही डोक्यात कधी आलं नाही. रान कुणाचंही असो, भांगलण झाली म्हणजे झाली.

मेलबरोबर एक अर्ज होता. ज्यांना ऑफिसला येणं अशक्य आहे, त्यांनी सबळ कारण आणि त्याचा दाखला जोडावा. संध्याकाळी मी शिवांजलीला म्हणाले, "माझं नाव लिही की. आजी अंथरुणाला खिळून. डॉक्टर आपल्या ओळखीचे, दाखला देतील."

ती प्रियदर्शनीची वेणी घालत होती. "तुमी काल स्टँडपतूर चालत जाऊन आला."

"कंपनी काय बघायला येणार हाय व्हय?"

"न्हाई येणार. पर मी कशाला तुमाला अंथरुणात घालू? मला हितं राहायचंय म्हणून मी ऱ्हाणार. त्याला कुणीतरी आजारी पडायलाच पायजे का?"

माझ्या पिढीत रजा पाहिजे असली की घरातलं कोणीतरी आजारी पडायचं. माझी सासू कागदावर किमान नऊ वेळा आजारी पडली आणि ब्याण्णव वर्षं जगली.

बुधवारी कंपनीने सगळ्यांना कॉम्प्युटरवर एकत्र बोलावलं. पडद्यावर चाळीसेक चेहरे चौकोनात बसलेले. मधोमध मॅनेजर, पृथ्वीराज नावाचा, पस्तिशीचा, साताऱ्याचाच. माणूस वाईट नाही. पण नवं ऑफिस घेतलेलं, खुर्च्या रिकाम्या, आणि वरचे त्याला रोज विचारणारे, हे त्याच्या आवाजात कळत होतं. तो म्हणाला, "घरून काम म्हटलं की कामाची शाश्वती राहत नाही. कुणाच्या घरी पाहुणे, कुणाची म्हैस व्याली. क्लायंटला मी काय सांगू?"

काही चौकोन हसले. शिवांजली हसली नाही. तिने आवाजाचं बटण दाबलं.

"सर, म्हैस व्याली तरी आमचं काम थांबलं न्हाई. पाच वर्षांत माझी न्हाईतर सबाची एक फाइल उशिरा गेली आसंल तर दाखवा. आमी सावड करतो."

"काय करता?"

"सावड, सर. सबाला अम्मीला घिऊन मिरजेला जायचं आसलं की तिच्या फाइली मी काढते. मला अडचण आली की माझ्या ती काढते. एक दिवस खाडा न्हाई."

पृथ्वीराज पुढे झुकला. "तिच्या फाइली तुम्ही काढता, म्हणजे तिच्या लॉगिनने?"

"व्हय. मग कशानं?"

मी मागे बसले होते. मला सबाचा चेहरा दिसत होता. तिने डोळे मिटून घेतले होते. शिवांजली मात्र ताठ बसली होती, शाबासकीची वाट बघत.

शाबासकी दुसऱ्या दिवशी आली. दोघींनी शुक्रवारी साताऱ्याला समक्ष यावं, आणि सोबतच्या निवेदनावर सही करावी. निवेदन छापील होतं. 'मी माझ्या सहकाऱ्याचे लॉगिन वापरून कंपनीची व ग्राहकाची फसवणूक केली आहे, याची मला जाणीव आहे. यापुढे मी कार्यालयात उपस्थित राहून काम करीन.' सही केली तर हे एवढ्यावर मिटेल, नाही केली तर एक तारखेपासून काम बंद, असं खाली मेलमध्ये होतं.

सबाने ते वाचलं आणि तिचा स्फोट झाला. "तोंडाला कुलूप म्हणून न्हाई तुझ्या!"

"अगं, मी आपलं चांगलंच सांगितलं न्हवं."

"चांगलंच सांगितलंस! चोरानं फौजदाराला सांगावं, सायेब, आमी दोघं मिळून करतो, म्हणून लवकर उरकतंय."

"आपण चोर हाय का?"

"मला ठावं हाय न्हाई म्हणून. त्यांना ठावं हाय का? मला त्या हापिसात जाऊन बसायचं हुतं, शिवांजली. मान वर करून. आता माझ्या खुर्चीवर चोर म्हणून चिठ्ठी लावल्याली आसणार."

डबा तसाच घेऊन ती निघून गेली. त्या दिवशी तिचं टेबल रिकामं राहिलं. बांगड्यांच्या दुकानावर बसून तिने कसंबसं काम केलं असावं. तीन वाजता उठून शिवांजलीने सबाचं टेबल पुसलं, आणि मग रात्रीच्या भाकरीचं पीठ माझ्या हातातून ओढून घेऊन स्वतः मळलं. पीठ फार घट्ट झालं.

शुक्रवारी मी म्हणाले, मी पण येणार. जोतिबा म्हणाला, "तुजं काय काम तितं?" मी लुगडं बदलून तयार झाले होते.

किर्लोस्करवाडी स्टेशनवर सबा आधीच आली होती. आमीर तिला मोटरसायकलवरून सोडायला आला होता. तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजी, जरा हिला समजावा. सही करून मोकळी हो म्हणावं. आन् सातारचं खूळ काढा डोक्यातनं. लगीन व्हायचंय अजून."

"मिरजेचा आजचा दिवस कुणाकडं हाय?" मी विचारलं.

"भाभीला पाठवलंय तिच्या, प्वार घिऊन."

"तुला गाडी चालवता येती की."

तो हसला आणि त्याने मोटरसायकलला किक मारली.

गाडीत सबा आमच्या समोर खिडकीशी बसली. कऱ्हाड गेलं तरी दोघी एकमेकींकडे बघेनात. रहिमतपूरच्या पुढे सबा मला म्हणाली, "आजी, तुमी सांगलीला नोकरीला गेला तवा तुमच्या घरात कुणी आजारी न्हवतं?"

"आई हुती. तिला दमा हुता."

"मग तिचं कोण करायचं?"

पन्नास-पंचावन्न वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. "चंद्रा," मी म्हणाले. "माझी धाकटी बहीण. तिची शाळा नववीत सुटली."

जिना चढताना मी दोन-दोन पायऱ्या चढले होते. मी ही गोष्ट घरात शंभर वेळा सांगितली असेल. चंद्रा त्या वेळी घरी आईला वाफारा देत होती, हे त्यात मी कधी सांगितलं नव्हतं. लपवलं असंही नाही. ते माझ्या ध्यानातच नव्हतं.

सबा म्हणाली, "म्हंजे मी गेले की आमची भाभी तुमची चंद्रा हुणार."

"भाभी का?" शिवांजली एकदम बोलली. भांडणानंतर सबाशी पहिल्यांदाच. "आमीरला काय झालंय? धडधाकट हाय की, मेला."

सबाला हसू आलं. तिने तोंड फिरवून ते खिडकीबाहेर टाकलं, पण आम्हाला दिसलं.

ऑफिस पोवई नाक्याजवळ, तिसऱ्या मजल्यावर. काचेच्या भिंती, ओळीने टेबलं, त्यातली निम्मी रिकामी. पृथ्वीराजने मला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला. "आजी, तुम्ही बाहेर बसा हं, चहा पाठवतो."

"बसू दे की रं बाबा हितंच. कमी ऐकू येतंय मला," मी म्हणाले. शिवांजलीने माझ्याकडे डोळे वटारले. पण खुर्ची मिळाली होती.

त्याने छापील कागद पुढे सरकवले. शिवांजलीने पिशवीतून आपला एक कागद काढला आणि त्यावर ठेवला. आदल्या दिवशी प्रियदर्शनीच्या वहीतल्या पानावर तिने तो हाताने लिहिला होता.

"हे काय?"

"काय झालं ते. कुठल्या कुठल्या तारखंला मी सबाच्या लॉगिननं काम केलं, किती फाइली काढल्या, सगळं. पासवर्ड दुसऱ्याला द्यायचा न्हाई हा नियम मोडला, ती चूक. रोग्याचं कागद हाईत, कोण बघतंय ते त्यांना कळायला पायजे, हे पण मला पटलं. यापुढं देणार न्हाई. हे खाली लिवलंय, सही केलीय. फसवणूक केली न्हाई, म्हणून ते लिवलं न्हाई. आन् सातारला येणार न्हाई."

पृथ्वीराजने कागद वाचला. दोनदा वाचला. "न येण्याचं कारण?"

"मला पलूसला राहायचंय."

"हे कारण होत नाही हो. मुलगी लहान आहे, मिस्टर आर्मीत आहेत, आजी थकल्यात, काहीतरी लिहा ना. मी वर पाठवतो. मी तुमच्या विरुद्ध नाही."

"आज्जी थकल्याली न्हाई. बघा की, न सांगता आलीय. सर, कंपनीनं सातारला हापीस का काढलं, म्हणून मी कवा कारण मागितलं का? तुमाला हितं बरं वाटलं, तुमी हितं काढलं. मला तितं बरं वाटतंय. काम नीट हाय का न्हाई तेवढं बघा."

"नियम सगळ्यांना सारखा असतो."

"मग सगळ्यास्नी इचारून करायचा."

तो सबाकडे वळला. तिच्याशी बोलताना त्याचा आवाज मऊ झाला. "सबा मॅडम, तुम्ही तर यायला तयार आहात. तुमचा मेल आलाय मला. तुम्ही सही करा, तुमचा विषय संपला. लॉगिन वापरायची कल्पना यांची होती, एवढं एक वाक्य वर लिहा. बास."

मला वाटलं, करील. केली असती तरी मी तिला दोष दिला नसता. तिला या ऑफिसात यायचं होतं आणि दार तिच्यापुढे उघडं होतं.

सबा म्हणाली, "कल्पना माझी हुती."

"काय?"

"अम्मीचा पहिला डायलिसिस हुता, तवा मीच हिला म्हणाले, माझं तेवढं काढशील का. आन् सर, मी येणार हाय. एक तारखेला सात वाजता हितं हजर. पर हे लिवून देऊन न्हाई. सही करून आले तर रोज हितं खाली मान घालून बसायचं. तसं खाली मान घालून बसायला घरीच बरं हाय की."

"तुम्ही दोघी मला अडचणीत आणताय."

तेव्हा मी बोलले. बोलायचं ठरवून गेले नव्हते. "साहेब, मी पण केलंय हे."

"तुम्ही?"

मी त्याला इंदू मगदूमची गोष्ट सांगितली. इंदू माझ्या शेजारच्या बोर्डावर बसायची, कानडी फर्डं बोलायची. अथणी-जमखंडीचे कॉल तिच्याकडे. तिला मूल झालं तेव्हा घरी कोणी नव्हतं. शेजारणीकडे मूल ठेवून यायची आणि दुपारी पाजायला पळायची. तो पाऊण तास मी दोन बोर्ड सांभाळायचे, आणि नोंदवहीत तिच्या नावापुढे तिच्यासारखी सही करायचे. चौदा महिने. वरच्यांना कधी कळलं नाही. मी ही गोष्ट नवऱ्यालाही सांगितली नव्हती.

"तुमची नोकरी गेली असती, आजी."

"गेली आसती. न्हाई गेली, कारण मी तोंड उघडलं न्हाई. हिनं कुणी न इचारता सांगितलं. आता सांगा, फसवणूक कुणी केली? मी का हिनं?"

त्याने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "सोमवारी एक तारीख आहे," तो म्हणाला. "तोवर सही आली नाही तर माझ्या हातात काही राहणार नाही." मग मला म्हणाला, "तुम्हाला ऐकू चांगलं येतं."

बाहेर दाराजवळच्या टेबलावर सोनिया नावाची मुलगी बसली होती. ती कोरेगावहून रोज येते, हे मला मागाहून कळलं. काचेतून तिने सगळं पाहिलं असावं, थोडं ऐकलंही असावं. तिने शिवांजलीला हळूच विचारलं, "ताई, तुमच्या कागदाचा फोटो काढू?"

"कशाला?"

"माझ्यात आन् रहिमतपूरच्या एकीच्यात पण हाय. सावड."

शिवांजलीने दुसरी प्रत पिशवीत ठेवली होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि फोटो काढून होईपर्यंत कोपरा बोटाने दाबून धरला.

शनिवार-रविवार त्या फोटोने काय केलं, ते आम्हाला सबाच्या मोबाइलवरून तुकड्या-तुकड्याने कळत गेलं. पृथ्वीराजला पहिला मेल सोनियाचा. मग मायणीची एक. मग इस्लामपूरच्या दोघी. सगळ्यांनी हाताने लिहून, तारखा घालून, खाली सही करून धाडलेलं. पासवर्ड दिला ही चूक, फसवणूक नव्हे. आष्ट्याच्या एकीने तर लिहिलं होतं, 'तारखा आठवत नाहीत, साधारण तीन वर्षे.' सबा ते वाचून दाखवताना हसून लोळली. ती आमच्या सोप्यात पुन्हा आली होती, पण काम करायला नव्हे, निरोप घ्यायला. रविवारी संध्याकाळपर्यंत सोळा जणींचे कागद गेले. त्यातल्या सात जणी साताऱ्याला जायला तयार होत्या, नऊ नव्हत्या. कागद मात्र सगळ्यांचा एकच.

रविवारच्या गाडीने सबा गेली. आमीर स्टेशनवर आला नाही. मेहरुनबी मात्र रिक्षा करून आल्या, हाताला पट्टी तशीच. मुलीला म्हणाल्या, "जा. मंगळवारचं मी आमीरला सांगितलंय. न्हाई म्हणाला तर मी जाणार न्हाई, म्हटलं." त्या बाईचा आवाज एवढा मोठा मी आधी कधी ऐकला नव्हता.

सोमवारी, एक तारखेला, शिवांजली पावणेसातला टेबलाशी बसली. सात वाजता तिने आपल्या नावाने लॉगिन केलं. लॉगिन झालं, पण पडद्यावर एकही फाइल नव्हती. एरवी सातला दहा-बारा फाइली रांगेत असतात. सव्वासात झाले. जोतिबा रानात न जाता उंबऱ्यावर चप्पल हातात धरून उभा होता. मी प्रियदर्शनीला डबा भरून देत होते आणि दोनदा तिच्या डब्यात चटणी घातली.

साडेसातला फोन वाजला. शिवांजलीने आवाज मोठा केला, आम्हाला ऐकू यावं म्हणून.

"मॅडम, कुठे आहात?" पृथ्वीराज.

"कामावर."

"आज एक तारीख आहे."

"व्हय, सर. फाइली पाठवा."

मग तो म्हणाला, "सोळा जणींनी लिहून दिलंय. तुम्ही दोघी धरून अठरा. एवढ्यांना काढलं तर आज काम कोण करणार? ऑस्ट्रेलियात दुपार झालीय."

"ते तुमी ठरवा."

"तीन महिने. घरून. फक्त स्वतःच्या लॉगिनने. मग बघू. वरच्यांना मी सांगितलंय."

जोतिबाने चप्पल खाली टाकली. मला वाटलं, संपलं एकदाचं. पण शिवांजली म्हणाली, "आन् तो कागद?"

"कुठला?"

"फसवणुकीचा. आमच्या नावावरचा."

"राहू द्या हो ते आता."

"ऱ्हाऊ द्या न्हाई, सर. रद्द केला म्हणून मेल करा. सबाला पण."

"मॅडम, मी आत्ता एवढं करतोय..."

"व्हय. तेवढं पण करा."

फोन बंद झाला. पावणेआठला पडद्यावर फाइली आल्या. एक, दोन, मग भराभर अकरा. शिवांजलीने हात मांडीवर ठेवले आणि ती नुसती बघत बसली.

"काढ की गं," मी म्हणाले.

"मेल येऊ दे."

"दिलंय न्हवं त्यानं! आता कशाला ताणतीस? उशीर झाला तर तेच कारण हुईल त्यांना."

"हुऊ दे."

तेहेतीस वर्षं मी समोर दिवा लागला की दोरी उचलली. लुकलुकणाऱ्या दिव्यासमोर हात बांधून बसणं मला जमलंच नसतं. मला तिचा राग आला, भीतीही वाटली, आणि मी तिथून उठून आत गेले. पाच मिनिटांनी परत आले. ती तशीच बसली होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण हात मांडीवरच.

आठ वाजून पंचवीस मिनिटांनी मेल आला. एका ओळीचा. तिने तो मला वाचायला लावला, कारण तिला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. 'दि. सत्तावीसचे निवेदन रद्द समजावे.' दोघींची नावं होती.

जोतिबा चप्पल घालून रानात गेला. शिवांजलीने पहिली फाइल उघडली, थोडा वेळ ऐकलं आणि मान हलवली.

"बघा आज्जी, यंत्रानं डावा गुडघा लिवलाय. डॉक्टर उजवा म्हणतोय. कापून मोकळं झालं आसतं."

"कुणाचा गं गुडघा?"

"ते सांगायचं नसतंय," ती म्हणाली, आणि चूक दुरुस्त करून पुढची फाइल काढली.